गैरवर्तनामुळे सैन्यातून नाव कमी झालं असेल, तर पेन्शनसाठी दाद कशी मागायची

माझी नोकरी क्लार्क ट्रेडमध्ये गेली. पेन्शनीला आल्यापासून गावाकडे जवानांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अर्ज लिहून देतो. सुट्टीवरून उशिरा गेला, दारू पिऊन ड्यूटीवर सापडला, साहेबाला उलट बोलला, अशा कारणांनी शिक्षा साचत गेल्या आणि शेवटी नाव कमी झालं, अशी माणसं दर महिन्याला भेटतात. बारा-पंधरा वर्षं सीमेवर काढून हातात काहीच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना काही ना काही मिळू शकलं असतं. ते हुकलं, कारण अर्ज चुकीच्या दारात गेला, चुकीचं मागणं मागितलं गेलं किंवा मुदत निघून गेली.

हा लेख भूदलातल्या जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आहे. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे असले तरी अर्जाचा क्रम बराचसा हाच राहतो. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ या दलांना मात्र सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे आणि कोर्ट मार्शलचे वाद चालवणारं खास न्यायालय, लागूच नाही. त्यांनी खात्यातलं अपील करून उच्च न्यायालयात जायचं असतं. न्यायाधिकरणात अर्ज टाकून तिथे वर्ष घालवू नका.

टप्पा १ : आपण कोणत्या दाराने बाहेर पडलो ते कागदावर पाहा

घरात सगळे सरसकट म्हणतात, “डिसमिस होऊन आला.” कागद बघितला की निम्म्या वेळा डिसमिस नसतोच. हा फरक सगळ्यात आधी कळायला हवा, कारण पेन्शनचा सगळा हिशेब त्यावर ठरतो.

पहिला प्रकार बडतर्फीचा, म्हणजे डिसमिसल. ती कोर्ट मार्शलच्या शिक्षेतून येते किंवा सेना अधिनियम १९५० च्या कलम २० खाली प्रशासकीय आदेशाने. यात आधीच्या सगळ्या सेवेची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जाते.

दुसरा प्रकार रिमूव्हलचा, म्हणजे सेवेतून काढून टाकण्याचा. शिक्षा म्हणून रिमूव्हल झालं असेल, तर २००८ ची पेन्शन नियमावली त्याला बडतर्फीच्याच रांगेत बसवते.

तिसरा प्रकार डिस्चार्ज. चार किंवा जास्त रेड इंक एंट्री (लाल शाईने नोंदलेल्या मोठ्या शिक्षा) झालेल्या जवानाला बहुतेक वेळा सेना नियम १९५४ मधल्या नियम १३(३) च्या तक्त्यातील तीन-पाच या बाबीखाली घरी पाठवतात. ‘इतर सर्व प्रकारचे डिस्चार्ज’ असा तो रकाना आहे. डिस्चार्ज बुकात कारणापुढे ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ किंवा ‘अनडिझायरेबल सोल्जर’ असं लिहिलेलं सापडतं. वाचून वाईट वाटतं, पण कायद्याच्या भाषेत ही बडतर्फी नव्हे. डिस्चार्ज झालेला माणूस नियमात बसत असेल तर पेन्शन-ग्रॅच्युइटीला पात्रच राहतो.

गेल्या पावसाळ्यात एक जण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक घेऊन आला. नऊ वर्षं तो स्वतःला डिसमिस समजत होता. कारणाच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं, तिथे नियम १३ लिहिलेला होता. सेवा पंधरा वर्षं आणि दोन महिने. एवढ्या वर्षांत त्याने पेन्शनचा साधा अर्जही केला नव्हता.

*तपासून घ्या :* डिस्चार्ज बुक, डिस्चार्जचा किंवा बडतर्फीचा आदेश आणि कारणे दाखवा नोटीस, या तिन्हींवर कलम किंवा नियम कोणता लिहिला आहे ते पाहा. तिन्हीकडे एकच आहे का? नोटीस एका नियमाची आणि आदेश दुसऱ्याचा असेल तर तो मुद्दा वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

टप्पा २ : काय मागायचं ते आधी ठरवा

‘मला नोकरीत परत घ्या’ हे मागणं जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं. वय चाळिशीपार, नाव कमी होऊन दहा वर्षं झालेली, तरी ही ओळ असते. त्यामुळे खरी मिळण्याजोगी गोष्ट मागे पडते. आपली केस पुढच्यांपैकी कुठे बसते ते बघा.

*डिस्चार्ज झाला आणि अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा पंधरा वर्षं पूर्ण आहे.* सेवा पेन्शन मागायची. डिस्चार्ज रद्द करा म्हणण्याचीसुद्धा गरज नसते.

*डिस्चार्ज झाला आणि पंधराला थोडी कमी आहे.* एक वर्षापर्यंतची तूट माफ करण्याची तरतूद आहे. स्वतःच्या विनंतीवरून घरी आलेल्याला ती मिळत नाही. तुम्हाला सेनेने घरी पाठवलं आहे, तेव्हा अर्ज करता येतो.

*डिस्चार्ज झाला आणि तूट मोठी आहे.* इथे डिस्चार्जच्या आदेशालाच आव्हान द्यावं लागतं. आदेश बेकायदा ठरला, तर पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत सेवेत होता असं मानून पेन्शन मिळू शकते. वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी असाच आदेश दिला. मागचा पगार दिला नाही, पेन्शनपात्र सेवा मात्र धरली.

*बडतर्फी झाली आहे.* दोन वाटा आहेत. एक, शिक्षा फार कडक होती म्हणून ती कमी करून डिस्चार्जमध्ये बदलून मागणे. दोन, बडतर्फी तशीच राहू देऊन खास बाब म्हणून पेन्शन मागणे. १९६१ च्या पेन्शन नियमावलीत विनियम ११३ आणि २००८ च्या नियमावलीत विनियम ४१ असं सांगतो, की अपवादात्मक प्रकरणात सक्षम अधिकारी अपिलावर पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा दोन्ही मंजूर करू शकतो. साधा डिस्चार्ज झाला असता तर जेवढी मिळाली असती, त्यापेक्षा जास्त नाही. हा हक्क नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग आहे. पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि बहुतेकांना हा विनियम माहीतच नसतो.

पेन्शन मिळाल्याने आणखीही फरक पडतो. गैरवर्तनामुळे डिस्चार्ज होऊन पेन्शन नसलेला जवान माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), कॅन्टीन, मुलांसाठीच्या सवलती, सगळं अडतं. ही कामं पेन्शनच्या आधी करायला गेलात तर प्रत्येक खिडकीवर नकार मिळेल. क्रम उलटा करू नका.

टप्पा ३ : कागद गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वकील कितीही हुशार असला तरी तो तुमच्या कागदांवरच बोलणार.

घरातली ट्रंक आधी उघडा. डिस्चार्ज बुक, जुन्या पे-स्लिपा, सुट्टीचे पास, पदकांची प्रमाणपत्रं, युनिटने घरी पाठवलेली पत्रं. गैरहजर असताना गावात पोलीस चौकशीला आला होता का, हे आई-वडिलांना विचारा. जवान वेळेवर परतला नाही की युनिट त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांना पकडण्यासाठी पत्र पाठवतं, त्याला अ‍ॅप्रिहेन्शन रोल म्हणतात. तो कधी निघाला आणि जवान स्वतःहून हजर झाला की पकडून आणला, याला मोठं महत्त्व आहे. स्वतःच्या पायाने युनिटच्या गेटवर गेलेला माणूस पळपुटा होता असं म्हणणं अवघड जातं.

मग रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे आपल्या रेजिमेंटच्या जवानांची सेवापुस्तकं सांभाळणाऱ्या कार्यालयाला, साधा अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला आहे. अर्जात आर्मी नंबर, रँक, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख लिहा. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि नाकारलं तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत.

‘माझी सगळी फाइल द्या’ असं लिहू नका. मोघम मागितलं की मोघम उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन मागा :

– शीट रोल (सेवेची नोंद) आणि कंडक्ट शीटची (शिक्षांची नोंद) संपूर्ण प्रत, सगळ्या लाल आणि काळ्या शाईच्या एंट्रींसह
– प्रत्येक शिक्षेचं आरोपपत्र आणि सेना अधिनियमाच्या कलम ८० खालच्या समरी ट्रायलची (कमांडिंग ऑफिसरपुढच्या थोडक्यात सुनावणीची) नोंद
– कारणे दाखवा नोटीस आणि जवानाने दिलेलं उत्तर
– डिस्चार्जपूर्वी झालेल्या प्राथमिक चौकशीचा अहवाल
– कमांडिंग ऑफिसरची शिफारस आणि ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरचा आदेश
– अर्हताकारी आणि अनर्हताकारी सेवेचा दिवसांत हिशेब
– रिलीज मेडिकल बोर्ड झाला असेल तर त्याची कार्यवाही
– कोर्ट मार्शल झालं असेल तर संपूर्ण कार्यवाही

यातली प्राथमिक चौकशीची ओळ कधीही गाळू नका. ‘असा अहवाल अभिलेखात उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर तोच कागद पुढे तुमच्या बाजूचा पुरावा होतो.

*खबरदारी :* पेन्शन नसलेल्या जवानाची सेवापुस्तकं रेकॉर्ड ऑफिसात सर्वसाधारणपणे २५ वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात. लाँग रोलमधली त्रोटक नोंद तेवढी उरते. नाव कमी होऊन २०-२२ वर्षं झाली असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून हा अर्ज याच आठवड्यात पाठवा.

*खबरदारी :* मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलालाही नाही. साक्षांकित प्रती द्या. डिस्चार्ज बुक एकदा हरवलं की दुय्यम प्रतीसाठी पोलीस ठाण्यापासून सुरुवात करावी लागते.

टप्पा ४ : सेवेचा हिशेब स्वतः मांडा

भरतीपासून डिस्चार्जपर्यंतची वर्षं म्हणजे अर्हताकारी सेवा नव्हे. विनापरवाना गैरहजेरीचा काळ आणि कैदेचा काळ सहसा वजा होतो.

एक हिशेब करून दाखवतो. भरती ५ ऑगस्ट २००३, डिस्चार्ज २० ऑक्टोबर २०१८. कॅलेंडरने झाली १५ वर्षं, २ महिने, १५ दिवस. जवान खुश. कंडक्ट शीट उघडली : चार वेळा उशीर मिळून ११२ दिवस गैरहजर, तीन वेळा प्रत्येकी २८ दिवस क्वार्टर गार्डमध्ये (युनिटच्या कोठडीत), म्हणजे ८४. एकूण १९६ दिवस गेले. उरली साधारण १४ वर्षं आणि ८ महिने. म्हणजे थेट पेन्शनचा अर्ज फेटाळला जाणार. चार महिन्यांची तूट माफ करण्याची विनंती त्याच अर्जात हवी.

रेकॉर्ड ऑफिसचा हिशेब आणि तुमचा हिशेब शेजारी ठेवा. गैरहजेरीचे काही दिवस नंतर सुट्टीत धरून नियमित केलेले असतात, तेही चुकून वजा झालेले मी पाहिले आहेत. नियमित केल्याचा आदेश पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानांच्या सेवेतले बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशात, सापडतो.

टप्पा ५ : आदेशात कुठे चूक झाली ते शोधा

आता कंडक्ट शीट समोर घ्या, कोरा कागद घ्या आणि चार रकाने पाडा : तारीख, गुन्हा, शिक्षा, त्या वेळी घरात किंवा युनिटमध्ये काय चाललं होतं. चौथा रकाना जवानाकडून भरून घ्यायचा. तो बोलत नाही, लाजतो. घरच्यांना बाहेर पाठवून विचारावं लागतं. एकाने दोन तास बसून एवढंच सांगितलं, की दोन्ही लांब गैरहजेऱ्या बायकोच्या बाळंतपणातल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी मूल गेलं होतं. युनिटला त्याने ते कधीच सांगितलं नव्हतं. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढला, तेव्हा तारीख जुळली.

रकाने भरले की पुढच्या गोष्टी पाहा.

चार रेड इंक एंट्री झाल्या म्हणजे डिस्चार्ज आपोआप होतो, असा समज युनिटातही असतो. ते खरं नाही. सेना मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रात कार्यपद्धती ठरलेली आहे. आधी निष्पक्ष प्राथमिक चौकशी व्हायला हवी, जवानाला बाजू मांडू द्यायला हवी. निर्णय घेताना त्याची एकूण सेवा किती, खडतर ठिकाणी किती काळ होता, पेन्शनला किती जवळ आला आहे, एंट्री कोणत्या स्वरूपाच्या आहेत, हे सगळं जोखायला हवं. २०१५ च्या दुबे निकालात न्यायालयाने हेच सांगितलं : नुसत्या चार एंट्री पुरेशा नाहीत, आणि ही कार्यपद्धती पाळणं बंधनकारक आहे.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपवली की माणूस खोट्या आशेवर राहतो. २०१९ मध्ये सतगुरसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिस्चार्ज कायम ठेवला. ही चौकशी खातेनिहाय चौकशीसारखी सविस्तर असण्याची गरज नाही, नोटीस देऊन आणि उत्तर विचारात घेऊन निर्णय रास्तपणे झाला एवढं पुरे, असं तिथे मानलं गेलं. तो जवान वारंवार गैरहजर राहिलेला होता. म्हणून ‘चौकशी झाली नाही’ या एका ओळीवर केस उभी करू नका. सोबत सेवेचा काळ, फील्ड पोस्टिंग, एंट्रींचं स्वरूप आणि कारणं, सगळं मांडा.

शोधायचे मुद्दे असे :

नोटीस मिळाली का, आणि उत्तराला वेळ किती दिला? सकाळी नोटीस, संध्याकाळी उत्तर, दुसऱ्या दिवशी आदेश, असं तारखांवरून दिसतं का?

आदेशावर सही कुणाची? तीन-पाच खाली अधिकार ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरचा. तुमच्या डिस्चार्जच्या तारखेला जो तक्ता लागू होता तो पाहा.

आदेशात उत्तराचा विचार केल्याचं एक वाक्य तरी आहे का, की नुसती ठरावीक भाषा आहे?

एंट्री कशा आहेत? दहा वर्षांत विखुरलेल्या सुट्टीच्या उशिराच्या पाच एंट्री आणि एकाच कमांडिंग ऑफिसरच्या हाताखाली आठ महिन्यांत झालेल्या चार एंट्री, दोन्हींचा अर्थ वेगवेगळा लागतो. दोन्ही प्रकारात सांगण्यासारखं असतं.

त्या काळात मानसिक आजार, दारूचं व्यसन किंवा दुखापतीवर उपचार सुरू होते का? मिलिटरी हॉस्पिटलची भरती, लो मेडिकल कॅटेगरी, गावाकडच्या डॉक्टरची चिठ्ठी, जे असेल ते तारखेला जुळवून लावा. आज जाऊन मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणू नका. ते पकडलं जातं आणि खरा भागही खोटा ठरतो.

*नेहमीची चूक :* ‘सगळ्या एंट्री खोट्या आहेत, साहेब माझ्यावर डूख धरून होते.’ सगळ्याच एंट्रींना सरसकट खोटं म्हटलं की वाचणारा तिथेच थांबतो. जी खरी आहे ती कबूल करा, कारण द्या, आणि जी खरोखर अन्यायाची आहे तिथेच बोट ठेवा.

टप्पा ६ : पहिला अर्ज सेनेकडे

न्यायाधिकरणाच्या कायद्यातलं कलम २१ म्हणतं, की खात्यात उपलब्ध असलेले उपाय आधी करा. म्हणून पहिला अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत सक्षम अधिकाऱ्याला. बडतर्फी प्रशासकीय असेल तर विनियम ४१ किंवा ११३ खालचं अपील. कोर्ट मार्शलची असेल तर सेना अधिनियमाच्या कलम १६४ खालची याचिका.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा. तीन-चार पानांच्या वर जाऊ देऊ नका. क्रम असा ठेवा : मी कोण, सेवा किती, कुठे कुठे, कोणत्या आदेशाने नाव कमी झालं, आदेशात काय चुकलं, शिक्षा का जड आहे, आजची घरची स्थिती दोन ओळींत, आणि शेवटी नेमकं मागणं.

मागणं एकाखाली एक लिहा. नमुना : “दिनांक अमुकचा डिस्चार्ज आदेश रद्द करून, पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत मला सेवेत मानून सेवा पेन्शन मंजूर करावी. हे शक्य नसल्यास, अर्हताकारी सेवेतील चार महिन्यांची तूट माफ करून पेन्शन मंजूर करावी. तेही शक्य नसल्यास, नियमानुसार देय ग्रॅच्युइटी व्याजासह द्यावी.” मोठं मागणं वर, छोटं खाली. वरचं नाकारलं तरी खालचं जिवंत राहतं. डिस्चार्ज झालेल्याची पाच वर्षांची अर्हताकारी सेवा असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क बनतो, आणि ती न उचलता घरी बसलेली माणसं आहेत.

स्पीड पोस्टनेच पाठवा. पावती आणि पोहोच एकाच कागदाला टाचून ठेवा. पुढची सगळी मुदत त्या तारखेवरून मोजायची आहे.

*नेहमीची चूक :* पंतप्रधान, राष्ट्रपती, मुख्यमंत्री, खासदार, आमदार, सगळ्यांना एकेक प्रत. प्रत्येकाकडून ‘आपला अर्ज संबंधित खात्याकडे पाठवला आहे’ असं पत्र येतं आणि माणसाला वाटतं काम चाललं आहे. वर्षं जातात. अशी पत्रं पुन्हा पुन्हा पाठवल्याने मुदत वाढत नाही. योग्य अधिकाऱ्याला गेलेला एक अर्ज हिशेबात धरला जातो.

टप्पा ७ : मुदत मोजा आणि न्यायाधिकरणात जा

सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७, कलम २२. अंतिम आदेश मिळाला तर त्यापासून सहा महिने. अर्जाला उत्तरच आलं नाही तर अर्जाच्या तारखेपासून सहा महिने थांबायचं, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत दावा टाकायचा. उदाहरण : अर्ज १० जानेवारी २०२५ चा, उत्तर नाही. १० जुलै २०२५ पर्यंत वाट पाहायची, १० जानेवारी २०२६ च्या आत दावा दाखल व्हायला हवा. ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुदत टळली असेल तरी सगळं संपत नाही. पुरेसं कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो आणि त्यात वर्षावार सांगावं लागतं : अमुक साली आजारपण, अमुक साली माहिती अधिकाराचा अर्ज, अमुक साली उत्तर. ‘मला कायदा माहीत नव्हता’ हे एकटं कारण टिकत नाही.

इथे एक बारकावा नीट समजून घ्या. पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून ती न देणं हा चालू राहणारा अन्याय मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेमसिंग निकालात हे तत्त्व मांडलं आणि उशिरा आलेल्याची थकबाकी दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. डिस्चार्जचा आदेश मात्र एकदाच घडलेली गोष्ट आहे. म्हणून ज्याची पंधरा वर्षं भरलेली आहेत त्याला उशिराचा त्रास कमी, आणि ज्याला आदेशच रद्द करून हवा आहे त्याला जास्त. टप्पा ४ चा हिशेब इथे पुन्हा कामाला येतो.

महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी खंडपीठ मुंबईला आहे. सेवेतून बाहेर पडलेला माणूस जिथे राहतो त्या भागाच्या खंडपीठात दावा टाकू शकतो, युनिट काश्मीरला होतं म्हणून तिकडे जावं लागत नाही. बेळगाव-निपाणीकडच्यांनी कर्नाटक कोणत्या खंडपीठाखाली येतं ते आधी विचारून घ्यावं. सेवेचा वाद असेल तर कलम १४ खाली मूळ अर्ज, कोर्ट मार्शलविरुद्ध असेल तर कलम १५ खाली अपील. कलम १५ मध्ये शिक्षा जास्त, बेकायदा किंवा अन्यायाची वाटली तर ती कमी करण्याचा किंवा हलक्या शिक्षेत बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. बडतर्फीचं डिस्चार्जमध्ये रूपांतर मागायची जागा हीच.

प्रतिवादींमध्ये भारत सरकार संरक्षण सचिवांमार्फत, सेनाप्रमुख, रेकॉर्ड ऑफिस, आणि पेन्शनचा प्रश्न असल्याने प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन कार्यालय (संरक्षण खात्याचं पेन्शन मंजूर करणारं लेखा कार्यालय), हे सगळे हवेत. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. ग्रामपंचायतीचा दाखला, तलाठ्याचा उतारा, सिव्हिल हॉस्पिटलचं कार्ड, हे मराठीतच असतात आणि भाषांतराअभावी दावा त्रुटीत पडतो.

वकील करताना एकच प्रश्न विचारा : नियम १३ च्या किती केस चालवल्या? गावातला दिवाणी वकील कितीही ओळखीचा असला तरी हे काम वेगळं आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग अर्जदार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा वारस दावा चालवू शकतात, कायद्यात तशी तरतूद आहे.

*तपासून घ्या :* दाव्यातलं मागणं आणि टप्पा ६ च्या अर्जातलं मागणं सारखं आहे ना? अर्जात फक्त ग्रॅच्युइटी आणि दाव्यात पेन्शन असेल, तर ‘हे आधी खात्याकडे मागितलंच नव्हतं’ असा आक्षेप येतो.

निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात रिट करता येते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग खुला असल्याचं स्पष्ट केलं आहे.

टप्पा ८ : आदेश हातात आल्यावर

बरेच जण इथे पेढे वाटतात आणि थांबतात. प्रमाणित प्रत घ्या आणि त्याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवा. आदेशात दिलेली मुदत साधारण त्या प्रतीच्या पोहोचेपासून धावते. मुदत उलटली तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच खंडपीठात करायचा.

रेकॉर्ड ऑफिस आधार, पॅन, संयुक्त फोटो, बँकेचा तपशील मागेल. पेन्शन आता स्पर्श या संगणक प्रणालीतून येते, त्यामुळे आधारवरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव अक्षरानअक्षर जुळायला हवं. ‘पाटील बाळासो’ आणि ‘बाळासाहेब पाटील’ यांच्यात संगणकाला दोन माणसं दिसतात. जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद आधीच करून ठेवा.

पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आला की चार गोष्टी लगेच वाचा : पेन्शन कोणत्या तारखेपासून, अर्हताकारी सेवा किती धरली, थकबाकी आदेशाप्रमाणे आहे का, आणि कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीचं नाव व जन्मतारीख बरोबर आहे का. शेवटच्या नोंदीत चूक राहिली तर ती जवानाच्या माघारी पत्नीला निस्तरावी लागते, म्हणून ती त्याच दिवशी लेखी कळवा. त्यानंतर पीपीओ आणि आदेशाची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणीला जा, ईसीएचएसचा अर्ज त्याच्या पुढचा.